पाचशे दोनवाले गावंडेभाऊ

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो. हे वाक्य तोंडातून निघायला मला सात महिने लागले, तेव्हा आता निघालंच आहे तर पहिल्या ओळीत बसलेलं बरं. पुढे हसण्यासारखं जे येईल ते गावंडेभाऊंचं आहे. लाज वाटण्यासारखं जे आहे ते माझं.

गावंडेभाऊ जगातल्या सगळ्या अडचणींचे तीनच प्रकार मानतात: पाचशे दोन, पाचशे तीन आणि पाचशे चार. वेबसाइट अडली की पडद्यावर जे आकडे येतात, ते हे. आपण ते आकडे पाहून चरफडतो आणि पान पुन्हा उघडतो. गावंडेभाऊ त्यांच्यावर जगतात.

तेल्हाऱ्याला त्यांच्या पुतणीच्या लग्नात मी पंगतीला त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी जिलेबी मागितली. वाढप्यानं मठ्ठा ओतला.

"पाचशे दोन," गावंडेभाऊ मला म्हणाले. "उत्तर आलं, पन भलतंच."

दुसऱ्या वाढप्याला विचारलं. तो म्हणाला, जिलेबी अजून कढईत आहे, थोडं थांबा.

"पाचशे तीन. मानूस हाय, पन सध्या कामात हाय."

तिसरा "आणतो ना, भाऊ" म्हणून गेला तो गेलाच. गावंडेभाऊंनी घड्याळ पाहिलं, बरोबर एक मिनिट वाट पाहिली आणि भातावर वरण घेतलं. "पाचशे चार. याच्यासाठी थांबू नोका पाध्येबुवा, भाताले लागा."

पाध्येबुवा म्हणजे मी. सुधीर पाध्ये, वय सत्तेचाळीस, राहणार अमरावती. आमच्या शिक्षणसंस्थेची कॉलेजं अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत विखुरलेली आहेत. त्यांचे प्रवेश, निकाल, दाखले जिच्यातून निघतात ती संगणकप्रणाली मी लिहिली आणि अमरावतीच्या मुख्य कार्यालयात बसून मीच सांभाळतो. पण विद्यार्थी थेट माझ्या प्रणालीशी बोलत नाही. तो आधी अकोल्याच्या एका मशीनशी बोलतो. ते मशीन त्याचा निरोप घेऊन मागे माझ्याकडे येतं, माझं उत्तर घेतं आणि त्याला नेऊन देतं. हे पुढचं मशीन म्हणजे दार. दार गावंडेभाऊंचं.

नोकरीत आलो तेव्हा हा सगळा मामला त्यांनी मला सोयरीक जुळवणाऱ्याच्या भाषेत समजावला होता. "आपून मंजे मधला मानूस. पोराकडचा सांगावा घेऊन पोरीकडे जाचं. पोरीच्या बापानं अद्वातद्वा उत्तर देल्लं, तर पाचशे दोन. बाप म्हने आता सोयाबीनची सवंगनी चालू हाय, मंग या, तर पाचशे तीन. बाप गप बसला, चहा देल्ला, पन बोललाच नाही, तर पाचशे चार. पोराकडचे शिव्या कोनाले देतात? मधल्याले."

"तुम्हाला बरीच माहिती दिसते," मी म्हणालो.

"असनारच. मोर्शीच्या पोरीकडून अजून उत्तर याचं हाय मले. वीस वर्षं झाले. किती येळ थांबाचं हे आधीच ठरवून ठेवा लागते, पाध्येबुवा. म्या ठेवलं नाही."

हे ते हसत म्हणाले. मीही हसलो. त्यांचं लग्न झालं नाही हे मला तेव्हा कळलं, आणि पुढची अकरा वर्षं त्यावर मी एकदाही काही विचारलं नाही. तेल्हाऱ्याच्या धाकट्या भावाला ते पाचशे चार म्हणत, कारण तो फोन उचलत नसे. "पाचशे दोन परवडते," म्हणायचे. "वाकडं बोलला तरी तिकडे कोनीतरी हाय, हे तर समजते."

गावंडेभाऊ मूळचे टेलिफोन एक्स्चेंजमधले. तिथल्या सवयी त्यांनी जशाच्या तशा आणल्या. मशीनच्या खोलीत चपला काढून जायचं. प्रत्येक तक्रार हातानं वहीत लिहायची: वेळ, नाव, गाव आणि 'आधी काय बदललं'. मशीन स्वतःच्या कारभाराची जी नोंद ठेवतं, ती लॉगची फाइल, ते मोठ्यानं वाचत. एकट्यानंच, सुरात, चूक दिसली की थांबून पुन्हा मागची ओळ घेत. आणि मशीन बंद करून चालू करणं हे त्यांच्या लेखी पाप होतं. "झोपलेल्या मानसाले पानी मारून उठोलं, तर उठते तो. पन झोपला काहून होता, ते सांगत नाही मंग. आधी इचारा, मंग उठवा."

रोज सकाळी दहा वाजता मी त्यांना फोन करायचा असा नियम होता. अमरावतीत मी काय बदलणार ते सांगायचं, अकोल्यात काय दिसलं ते ऐकायचं. काम पाच मिनिटांचं असे. फोन पाऊण तास चाले. अकोल्याचं ऊन, बाजारातली वांगी, शेजाऱ्याच्या कुत्र्याला झालेली पिल्लं, सगळं त्यात यायचं. मी अनेकदा फोन खांद्यावर धरून दुसरंच काम करत "हो का" म्हणायचो.

त्यांचा सगळ्यात मोठा विक्षिप्तपणा म्हणजे चुकीचं पान. वेबसाइट अडली की इंग्रजीत दोन कोरड्या ओळी येतात. गावंडेभाऊंना ते पटेना. त्यांनी त्या जागी स्वतः लिहिलं: 'पाचशे दोन. उत्तर आलं, पण आम्हाला समजलं नाही. चूक तुमची नाही. घाबरू नका, फोन करा. गावंडे, अकोला.' खाली स्वतःचा मोबाइल नंबर.

मी म्हणालो, "भाऊ, असं कोणी करत नाही."

"खेड्यातली पोरगी सायबर कॅफेत बसली असते. मांगं रांग असते. तिले वाटते आपूनच काहीतरी दाबलं. तिले कोन सांगनार?"

आता माझ्या चुकीकडे येतो.

प्रवेशाच्या दिवसांत मुलांची एकच तक्रार असे. अर्ज अर्धा भरला की लाइट जाते आणि सगळं पहिल्यापासून लिहावं लागतं. मला एक युक्ती सुचली. मुलांनी जेवढं लिहिलं असेल तेवढं त्यांच्याच ब्राउझरमध्ये एका चिठ्ठीवर ठेवायचं. कुकी म्हणतात तिला. लाइट आली की चिठ्ठी वाचायची, अर्ज तिथूनच पुढे. माझ्या उत्तराच्या पाकिटावर ही चिठ्ठी डकवायची, बस. शनिवारी दुपारी मी ते केलं. 'सुधीर पाध्ये, अमरावती' अशा नावानं अर्ज भरून पाहिला. झकास चाललं. इतक्या लहान गोष्टीसाठी काय फोन करायचा म्हणून गावंडेभाऊंना सांगितलं नाही. खरं कारण लिहायचं तर, पाऊण तास जाईल म्हणून सांगितलं नाही.

सोमवारी पाचशे दोन सुरू झालं. गंमत अशी की सगळ्यांना नाही. एका मुलीचा अर्ज सरळ जाई, तिच्या शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाचा अडके. अर्जाची मुदत चार दिवसांवर होती. जो अडके त्याच्या पडद्यावर 'गावंडे, अकोला' उमटे. दुपारपर्यंत प्राचार्य, पालक, गावचे सरपंच, सगळ्यांना गावंडे हे नाव पाठ झालं.

दहाच्या फोनवर त्यांनी मला विचारलं होतं, "लॉगमंदी लिहून राहिलं, तुमच्याकडून येनारं पाकीट पिशवीत मावत नाही. नवं काई पाठवून राहिले काय तुमी?"

"काही नाही," मी म्हणालो. तेव्हा मला खरंच आठवलं नव्हतं. एवढं एक मी स्वतःच्या बाजूनं सांगू शकतो.

पिशवी म्हणजे त्यांच्या मशीननं आलेल्या पाकिटावरचा मजकूर वाचायला राखलेली जागा. ती मोठी करता येते. मी म्हणालो, करून टाका.

"पोट काहून फुगलं ते न पाहता पँट ढिली करू नये, पाध्येबुवा. इचारू तर द्या."

इकडे सचिवसाहेबांनी मला बोलावून घेतलं. आमचे सचिव माणूस भला, पण अडचणीच्या वेळी त्यांना कारण नको असतं, नाव हवं असतं. त्यांनी मशीन तीनदा बंद-चालू करायला लावलं. तिन्ही वेळा गावंडेभाऊंनी 'साहेबांच्या आदेशानं' असं वहीत लिहून केलं. काही फरक पडला नाही. मग साहेब मला म्हणाले, "पाध्ये, खरं सांगा. अकोल्याचं दारच खराब झालंय का? की दारावरचा माणूस?"

मी म्हणालो, "असू शकतं, साहेब."

हे तीन शब्द. याहून जास्त मी काही बोललो नाही. पण साहेबांना तेवढे पुरले.

मंगळवारी दहाला फोन केला तर गावंडेभाऊ वही उघडून बसले होते. फोन आलेल्या प्रत्येकाचं नाव आणि गाव त्यांनी लिहून घेतलं होतं. ज्यांचे अर्ज गेले त्यांची नावंही काढली होती. ती यादी ते लॉगच्याच सुरात वाचू लागले.

"अकोटची उमा वाघ, गेली. वरूडचा राम राऊत, गेला. मोर्शीची गौरी, गेली. आता आयका. नांदगाव खंडेश्वरचा ज्ञानेश्वर लक्ष्मनराव, अडकला. अंजनगाव सुर्जीची राजेश्वरी चंद्रशेखर, अडकली. तिची शाळा पाहा, 'श्रीमती' पासून सुरू होते अन् 'उच्च माध्यमिक कन्या विद्यालया'वर थांबते. म्या सोता दोन अर्ज भरले. 'अ ब' नावाचा गेला. अन् आमच्या आजोबाचं पूर्ण नाव, गाव-पोस्ट-तालुक्यासकट टाकलं, तर अडकला. लांब नावाच्याईलेच काहून पाचशे दोन?"

त्या क्षणी मला सगळं दिसलं. मराठीतलं एक अक्षर चिठ्ठीवर लिहायचं तर यंत्र त्याची नऊ अक्षरं करतं. काना वेगळा, त्याची नऊ. मात्रा वेगळी, तिची नऊ. 'उमा'ची सत्तावीस, एकट्या 'ज्ञानेश्वर'ची नव्वद. वर वडील, आई, गाव, पोस्ट, तालुका आणि त्या शाळेचं नाव. इंग्रजीत अर्ज भरणाऱ्या शहरात हे कधी कोणाला कळलंही नसतं. मी 'सुधीर पाध्ये, अमरावती' लिहून पाहिलं होतं, आणि ज्या गावांची नावं दोन-दोन शब्दांची, ती सगळी दाराबाहेर उभी होती.

"पाध्येबुवा? आयकून राहिले ना?"

"हो. योगायोग असेल, भाऊ."

पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बरं."

दुपारी एक वाजता पाचशे दोन थांबलं. त्यांनी पिशवी मोठी केली होती. त्यानंतरचे दोन दिवस ते फोनवर होते. वहीतल्या एकेका अडकलेल्या मुलाला त्यांनी स्वतः फोन लावला. एका मुलीचे वडील शेतात होते, घरातलं कोणी ऐकेना, तर सरपंचाकडून तिला बोलावून घेतलं. सगळ्यांचे अर्ज मुदतीत गेले. एकही मूल राहिलं नाही, आणि त्याबद्दल मी आजही सुटकेचा निःश्वास टाकतो. एखादं राहिलं असतं तर हे लिहायची माझी हिंमत झाली नसती.

शुक्रवारी साहेबांनी फोन स्पीकरवर टाकून त्यांना विचारलं. मी समोरच बसलो होतो.

"काय झालं होतं, गावंडे?"

"पिशवी लहान पडली, साहेब. मोठी केली."

"पिशवी कोणाची?"

"पिशवी माझी."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. पिशवी त्यांचीच होती. साहेब माझ्याकडे पाहून 'बघा' अशी मान हलवत होते. मी टेबलावरचा पेपरवेट फिरवत होतो. पुढच्या आठवड्यात दाराचं काम नागपूरच्या एका कंपनीला गेलं आणि गावंडेभाऊ अकोल्याच्या कॉलेजच्या वाचनालयात, पुस्तकांना बारकोडचे स्टिकर लावायला. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मी ती चिठ्ठी प्रणालीतून गुपचूप काढून टाकली. काढताना हात असे झरझर चालले की मला माझीच शिसारी आली.

आणि दहाचा फोन मी बंद केला. काम नव्हतं म्हणून नाही. काय बोलायचं ते सुचेना म्हणून.

कंपनीच्या लोकांचं एकच औषध होतं, बंद-चालू. महिन्यातून चारदा दार बंद-चालू होई, तासाभरानं दुखणं परत. पानावर पुन्हा इंग्रजी आलं. साहेब वैतागले होते, पण आता कोणाचं नाव घ्यावं हे त्यांना कळत नव्हतं.

जानेवारीत कामासाठी अकोल्याला गेलो. वाचनालयात जायचा विचार नव्हता. ग्रंथपाल तायडे मॅडम जिन्यात भेटल्या म्हणून चहाला थांबलो. गावंडेभाऊ तेव्हा बाजारात गेले होते.

"कसं काम करतात?" मी विचारलं.

"स्टिकर असे लावतात की पट्टी ठेवून मोजावं. पण एक खोड आहे. दहा ते पावणेअकरा त्यांना काही सांगायचं नाही. फोन यायचा असतो म्हणतात. खिडकीशी बसतात, तिथे रेंज चांगली येते."

"कोणाचा फोन?"

"काय माहीत. मी तर कधी आलेला पाहिला नाही."

मी चहा अर्धा टाकून उठलो. अमरावतीपर्यंतच्या एसटीत काय काय आठवलं ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत गेलो आणि शनिवारच्या दुपारपासून 'असू शकतं, साहेब'पर्यंत सगळं सांगितलं. सोबत लेखीही नेलं होतं.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे पिशवी बरोबर होती?"

"हो. पाकीट मी फुगवलं."

"आणि त्यांना हे माहीत होतं?"

"माहीत नसावं."

साहेबांनी माझा कागद घडी घालून खणात ठेवला. मला वाटलं, आता वाचनालयात माझी खुर्ची. ते म्हणाले, "पाध्ये, तुम्हाला ठेवतो, कारण खरं सांगायला तुम्ही स्वतःच्या पायानं आलात. कंपनीला सोडतो, कारण ते अजून काहीच सांगत नाहीत. गावंडेंना उद्यापासून दारावर पाठवा. आणि बदलीचं पत्र तुम्ही नेऊन द्या, टपालानं नाही."

जिना उतरताना मला इतकं हलकं वाटत होतं की चौकात थांबून मी दोन कप चहा प्यालो. झालं, असं वाटलं. साहेबांना सांगितलं म्हणजे माफी मागून झाली, असा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेलो तेव्हा गावंडेभाऊ वाचनालयाच्या खिडकीशी होते. समोर पुस्तकांची चळत, पलीकडच्या टेबलावर अभ्यास करणाऱ्या दोन-तीन मुली. त्यांनी पत्र वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"चला. पाह्यलं पाहिजे त्या नागपूरवाल्याईनं काय काय करून ठेवलं." मग माझ्याकडे पाहून, "हे कसं काय झालं?"

"मी साहेबांना सांगितलं. कुकीचं. माझ्यामुळे झालं ते."

"असं."

त्यांनी टेबलाच्या खणातून जुनी वही काढली. दाराची वही त्यांनी सोबत आणली होती. मंगळवारचं पान उघडून माझ्याकडे फिरवलं. नावं, गावं, वेळा. खाली त्यांच्या टपोऱ्या अक्षरात: 'लांब नावं अडकतात. पाकिटावर नवी चिठ्ठी दिसते. पाध्येबुवांची. सांगतील.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. शेवटचा शब्द काही केल्या ओलांडता येईना.

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"पाकीट उघडून पाह्यलं ना मी. माझ्या आजोबाचं नाव होतं त्याच्यावर."

"मग साहेबांना का नाही सांगितलं?"

"काहून सांगू? तुमी सांगनार होते." वही मिटत ते म्हणाले, "साहेबाले सांगितलं, चांगलं झालं. पन साहेबाचं काय बिघडलं होतं?"

मला समजायला थोडा वेळ लागला. मग मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी कानाला हात लावला.

"आयकू नाही आलं."

"भाऊ, वाचनालय आहे."

"असू द्या. तायडे मॅडमले मी सांगतो."

पलीकडच्या मुलींनी वाचणं थांबवलं होतं. मी उभा राहिलो. वर्गात उभं केल्यासारखे हात आपोआप मागे गेले.

"गावंडेभाऊ, चूक माझी होती. तुम्ही नावं वाचलीत तेव्हाच मला कळलं होतं. मी योगायोग म्हणालो, ते खोटं होतं. साहेबांसमोर तुमच्यावर आलं तेव्हा मी 'असू शकतं' म्हणालो आणि मग गप्प बसलो. आणि नंतर तुम्हाला फोन केला नाही, तो लाजेनं केला नाही, पण शिक्षा तुम्हाला झाली. मला माफ करा."

"उशिरा आलं, पन उत्तर आलं," घड्याळ पाहून वहीत वेळ लिहीत गावंडेभाऊ म्हणाले, "उद्या दहाले फोन करा."